संत्र्याचा कॅलस वाढतो, पण भ्रूण होत नाहीत: माध्यमातल्या साखरेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरी संत्र्याच्या बीजांडातून काढलेला कॅलस, म्हणजे अजून कोणताही अवयव न झालेल्या पेशींचा गोळा, एमटी (मुराशिगे-टकर) माध्यमावर, ५ टक्के सुक्रोजवर, दर महिन्याला भरपूर वाढतो. भ्रूण मात्र तुरळक. जे दिसतात ते गोल अवस्थेतच अडकतात किंवा पुन्हा कॅलस होतात. साखर बदलून फरक पडेल का? ग्लुकोज, माल्टोज, गॅलॅक्टोज, लॅक्टोज, ग्लिसरॉल यांपैकी काय, किती आणि केव्हा? आणि दुकानातली साखर चालते का?

फरक पडतो, आणि लिंबूवर्गीय फळझाडांत तर फारच पडतो. पण "सर्वांत चांगली साखर कोणती" असा शोध घेत बसलात तर वर्ष वाया जाईल. कॅलस वाढवायला एक साखर लागते, भ्रूण सुरू व्हायला दुसरी परिस्थिती लागते, भ्रूण पक्व व्हायला तिसरी आणि अंकुरायला चौथी. तुमच्याकडे पहिल्या पायरीची साखर चारही पायऱ्यांवर चालू आहे. मूळ अडचण हीच दिसते.

साखरेला हात लावण्याआधी कॅलसमध्ये भ्रूण देण्याची क्षमता उरली आहे का ते तपासा. चिमूटभर कॅलस काचपट्टीवर पसरून २ टक्के ॲसिटोकार्मिनचा थेंब टाका, पट्टी ज्योतीवरून काही सेकंद हलकी गरम करा, रंग पाण्याने उतरवा आणि ०.०५ टक्के इव्हान्स ब्लूचा थेंब द्या. लहान, गोलसर, दाट पेशीद्रवाच्या, गडद लाल रंगलेल्या पेशींचे पुंजके दिसले तर काम होण्यासारखे आहे. लांबट, मोठ्या रिक्तिकेच्या (आत पाण्याची मोठी पोकळी असलेल्या), निळ्या पेशीच सगळीकडे असतील तर कोणतीही साखर त्यांना भ्रूण करणार नाही. मग नव्या बहराची कोवळी फळे घेऊन पुन्हा बीजांडापासून सुरुवात करावी. दुसऱ्या काचपट्टीवर आयोडीनचा थेंबही टाकून बघा. भ्रूणक्षम पुंजक्यांत पिष्टाचे निळे-काळे कण सहसा भरपूर असतात. डोळ्यांनी बघायचे तर मलईसारखा पिवळसर, भुसभुशीत, चिमट्याने सहज सुटणारा कॅलस ठेवावा. पांढरा, पाणचट, चिकट भाग प्रत्येक बदलीच्या वेळी, म्हणजे कॅलस ताज्या माध्यमावर हलवताना, टाकून द्यावा. नुसता वेगाने वाढतो म्हणून तोच भाग पुढे नेला की दोन-चार बदल्यांत भ्रूणक्षम भाग मागे पडतो. ही चूक फार प्रयोगशाळांत होते.

आता साखरेकडे. माध्यमातली साखर एकाच वेळी तीन कामे करते. ती अन्न आहे, कारण बाटलीतली पेशी स्वतःपुरते प्रकाशसंश्लेषण करत नाही. ती परासरण दाब ठरवते, म्हणजे पेशीला पाणी किती सहज मिळेल हे ठरवते. आणि ती निरोप आहे: पेशीत ग्लुकोज किती, सुक्रोज किती यावरून विभाजन चालू ठेवायचे की साठवण सुरू करायची हे ठरते. हेक्सोकायनेज हे विकर ग्लुकोजची पातळी ओळखते, आणि एसएनआरके-१ नावाचे प्रथिन उपासमारीच्या वेळी पेशीचा कारभार बदलते. तुम्ही एक साखर काढून दुसरी घालता तेव्हा तिन्ही गोष्टी एकदम बदलतात. नेमके कशामुळे काय झाले हे कळत नाही ते त्यामुळेच.

त्यातून आणखी एक गुंता होतो. बाटलीत सुक्रोज घातले म्हणून पेशींना सुक्रोजच मिळते असे नाही. पेशीभित्तिकेत इन्व्हर्टेज हे विकर असते, आणि ते माध्यमातल्या सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करून टाकते. जोमाने वाढणाऱ्या कॅलसमध्ये किंवा सस्पेन्शनमध्ये (द्रवात सुट्या तरंगत वाढणाऱ्या पेशींत) हे काही दिवसांतच होते. पेशी सहसा ग्लुकोज आधी उचलतात आणि फ्रुक्टोज मागे राहते. एका रेणूचे दोन झाले की परासरण दाबही वाढतो. आकड्यांत सांगायचे तर ५० ग्रॅम प्रतिलिटर सुक्रोज म्हणजे ०.१४६ मोलर, आणि २५ अंशांना त्याचा परासरण दाब सुमारे ०.३६ मेगापास्कल. सगळे फुटले की तोच ०.७२ होतो. क्षारांचा दाब वेगळा. महिन्याच्या शेवटी पेशी ज्या माध्यमात बसलेल्या असतात ते तुम्ही ओतलेले माध्यम नसतेच.

याचा भ्रूणाशी संबंध असा. जर्मनीतल्या गाटर्सलेबेन इथे व्हिसिया फाबा या शेंगवर्गीय पिकाच्या वाढत्या बियांवर झालेल्या कामातून चित्र स्पष्ट झाले: बी कोवळे असताना बीजावरणातले इन्व्हर्टेज जोरात असते, भ्रूणाभोवती ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असते आणि पेशी विभागत राहतात. नंतर इन्व्हर्टेज घटते, सुक्रोजचे प्रमाण चढते आणि पेशी विभाजन थांबवून साठवणीला लागतात. तुमच्या बाटलीत उलटे घडते. सुरुवातीला सुक्रोज आणि शेवटी ग्लुकोज-फ्रुक्टोजचा पूर. म्हणजे भ्रूणाला साठवणीकडे वळायचे असते तेव्हाच त्याला "विभागत राहा" असा निरोप मिळतो. गोल भ्रूण परत कॅलस होण्यामागे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण बाहेरून घातलेले ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक, म्हणून भ्रूणाच्या पायरीवर माध्यमात २,४-डी किंवा एनएए ठेवूच नका.

लिंबूवर्गीयांवरचे मूळ काम इस्रायलमधल्या व्होल्कानी कृषी संशोधन केंद्रातले, कोखबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, १९७० आणि १९८० च्या दशकांतले. शामूती संत्र्याच्या कॅलसला एका बदलीपुरते सुक्रोजविना ठेवले आणि मग परत दिले तर भ्रूण वाढतात, हे त्यांनी दाखवले. पुढे गॅलॅक्टोज आणि लॅक्टोज या शर्करा सुक्रोजपेक्षा जास्त भ्रूण देतात हे पुढे आले, आणि १९८३ च्या सुमारास ग्लिसरॉलचा प्रभाव कळला. या सगळ्यांत एक समान धागा आहे. यांतली एकही गोष्ट कॅलसला चांगले खाऊ घालत नाही. गॅलॅक्टोज तर बऱ्याच पिकांच्या पेशींना मारक ठरते. लिंबूवर्गीय पेशी ते सोसतात, पण त्यावर कॅलसची वाढ मंदावते. वाढ मंदावली की भ्रूणक्षम पुंजक्यांना संघटित व्हायला वाव मिळतो. तेव्हा भ्रूणाच्या पायरीवर कॅलस कमी वाढताना दिसला तर घाबरून परत ५ टक्के सुक्रोजवर टाकू नका. तसेच व्हायला हवे आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे

कॅलस सांभाळण्यासाठी तुमचे लिटरला ५० ग्रॅम सुक्रोज आणि ५०० मिलिग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट असलेले एमटी माध्यमच ठेवा. बदली मात्र महिन्याऐवजी तीन आठवड्यांवर आणा. भ्रूणाच्या प्रयोगासाठी कॅलस घ्यायचा तो बदलीनंतर १२ ते १४ दिवसांचा, वाढ जोरात असतानाचा.

नंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: धुणे. कॅलसच्या पेशींमधल्या फटींत जुने माध्यम भरलेले असते. ते घेऊनच ग्लिसरॉलच्या माध्यमावर ठेवले तर पहिला आठवडाभर पेशी सुक्रोजवरच असतात, आणि "ग्लिसरॉलने काही झाले नाही" असा निष्कर्ष निघतो. २ ते ३ ग्रॅम कॅलस निर्जंतुक नायलॉन जाळीवर, साधारण ५०० मायक्रॉनच्या, घ्या. साखर नसलेल्या द्रव एमटीने दरवेळी २५ मिलिलिटर घेऊन तीनदा धुवा. द्रव निथळू द्या, जाळी निर्जंतुक टिपकागदावर दोन मिनिटे ठेवा. साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊ नका. ५ टक्के साखरेतून एकदम पाण्यात गेलेल्या पेशींना परासरणाचा झटका बसतो.

मग २०० मिलिग्रॅमचे ढीग करून ग्लिसरॉल माध्यमावर ठेवा. एमटीचे क्षार व जीवनसत्त्वे, माल्ट एक्स्ट्रॅक्ट नको, सुक्रोज नको, संप्रेरक नको, ग्लिसरॉल २ टक्के आकारमानाने, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, अगर ८ ग्रॅम, पीएच ५.८. ग्लिसरॉल पिपेटने घेतले तर बरेचसे काचेलाच चिकटून राहते, म्हणून वजन करून घाला: २५.२ ग्रॅम. तापमान २५ ते २७ अंश, १६ तास मंद प्रकाश. दोन-तीन आठवड्यांत कॅलस हिरवट व्हायला लागतो. हे चांगले लक्षण आहे. गोड संत्र्याच्या न्यूसेलर (बीजांडाच्या आतल्या ऊतीपासून केलेल्या) कॅलसवर ग्लिसरॉलने हरितद्रव्य वाढते हे अमेरिकेतल्या कामातही दिसले आहे. चार ते सहा आठवड्यांत पृष्ठभागावर हिरवे, गुळगुळीत, सुटे गोल दिसतात. ते कॅलसच्या गाठी आहेत की भ्रूण हे सुई लावून ठरवा. भ्रूण सुईने हलवला की अख्खा सुटून येतो, गाठ फाटते.

हे भ्रूण ग्लिसरॉलवरच ठेवले तर बहुतेक वेळा गोल अवस्थेच्या पुढे जात नाहीत, आणि त्याचे कारण हिशेबात दिसते. ५ टक्के सुक्रोजमध्ये लिटरला १.७५ मोल कार्बन असतो, २ टक्के ग्लिसरॉलमध्ये ०.८२. अन्न निम्म्याहून कमी. परासरण दाब मात्र ०.६८ मेगापास्कल, म्हणजे पूर्ण फुटलेल्या सुक्रोजच्या जवळपास. सुरुवात करायला ही उपासमार आणि हा ताण उपयोगी, पण साठवण भरायला अन्न लागते. म्हणून भ्रूण १ ते २ मिलिमीटरचे झाले की त्यांना माल्टोजवर हलवा.

माल्टोज ०.१४६ मोलर घ्या. बाजारात मिळते ते बहुधा मोनोहायड्रेट असते, त्याचे ५२.६ ग्रॅम लागतात, ५० नव्हे. माध्यम एमटी, माल्ट एक्स्ट्रॅक्ट ५०० मिलिग्रॅम, संप्रेरक नाही. फ्लोरिडातल्या लेक अल्फ्रेड इथल्या लिंबूवर्गीय प्रोटोप्लास्टच्या (भित्तिका काढलेल्या पेशींच्या) कामात भ्रूण वाढवायला हेच माल्टोजचे माध्यम वापरतात, आणि भ्रूण नीट आकाराला यावेत म्हणून माध्यमावर सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पडदा घालून त्यावर ठेवतात. पडद्यामुळे भ्रूणाला पाणी जरा सावकाश मिळते आणि पाणचट भ्रूण कमी होतात. पडदा ऑटोक्लेव्ह करताना (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करताना) वळतो, म्हणून दोन फिल्टर पेपरच्या मध्ये दाबून, थोड्या पाण्यात ठेवून करा. चार ते सहा आठवड्यांत दोन बीजपत्रे असलेला, मलईच्या रंगाचा किंवा फिकट हिरवा, अपारदर्शक भ्रूण तयार होतो. अपारदर्शकता महत्त्वाची आहे. काचेसारखा आरपार दिसणारा भ्रूण आत पाणी भरलेला असतो. त्यात साठवण नसते आणि तो अंकुरला तरी जगत नाही.

अंकुरणासाठी साखर कमी करा: अर्धे क्षार, सुक्रोज २० ते २५ ग्रॅम, जिबरेलिक आम्ल हे संप्रेरक लिटरला १ मिलिग्रॅम, ऑटोक्लेव्ह न करता निर्जंतुक गाळणीतून गाळून. इथे ५ टक्के ठेवले तर मुळे येतात पण कोंब अडकून बसतो, आणि भ्रूणावर भ्रूण येत राहतात. रोप धरल्यावर १५ ग्रॅमपर्यंत उतरवा आणि प्रकाश वाढवा. भरपूर साखरेवर वाढलेल्या पानाला स्वतः अन्न करायची सवय नसते, आणि ती उणीव हार्डनिंगच्या (रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावण्याच्या) ट्रेमध्ये पहिल्या दहा दिवसांत दिसते.

गॅलॅक्टोज आणि लॅक्टोज हे ग्लिसरॉलला पर्याय आहेत. गॅलॅक्टोज ०.१५ मोलर म्हणजे २७ ग्रॅम. लॅक्टोज मोनोहायड्रेट ०.१ मोलर म्हणजे ३६ ग्रॅम, गरज पडली तर ०.१५ मोलर म्हणजे ५४ ग्रॅम. लॅक्टोज थंड पाण्यात फार हळू विरघळते. तळाशी पांढरी पूड राहिली असताना पीएच लावून बाटल्या भरल्या की काही बाटल्यांत साखर दुप्पट आणि काहींत निम्मी असते, म्हणून कोमट पाण्यात आधी पूर्ण विरघळवा. माझे मत विचाराल तर नागपुरीसारख्या बहुभ्रूणी (एका बीत अनेक भ्रूण असणाऱ्या) जातीत आधी ग्लिसरॉल, मग लॅक्टोज, आणि गॅलॅक्टोज शेवटी. गॅलॅक्टोज महाग आहे आणि त्यावर थोडा जास्त काळ राहिलेला कॅलस तपकिरी पडून हातचा जातो. ग्लुकोज भ्रूणासाठी वापरायचा मोह टाळा. ते "सोपे अन्न" आहे हीच त्याची अडचण. क्लेमेंटाइन किंवा पपनस अशा एकभ्रूणी प्रकारांना ही क्रमवारी जशीच्या तशी लावू नका. तिथे भ्रूणक्षम कॅलस मिळवणे हेच मोठे काम असते.

दुसऱ्या पिकांचे आकडे इथे का चालत नाहीत

माल्टोजची कीर्ती झाली ती बार्लीच्या परागकोश संवर्धनामुळे, १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये. सुक्रोजवर बार्लीचे परागकण पहिल्या काही दिवसांत साखर भराभर उचलतात. ऑक्सिजन पुरत नाही, आत इथेनॉल साचते आणि पेशी मरतात. माल्टोज हळूहळू फुटते, म्हणून पेशी सावकाश खातात आणि जगतात. गव्हात याच कारणाने ९ टक्के माल्टोज वापरतात. म्हणजे माल्टोजमध्ये काही जादूचे पोषण नाही, त्याची गती उपयोगी पडते. त्यामुळे माल्टोज ऑटोक्लेव्हमध्ये जास्त वेळ ठेवून त्याचे ग्लुकोज करून टाकले तर महागडी साखर घेऊन काहीच साधत नाही.

मोहरीवर्गात याच्या अगदी उलट चित्र. कनोलाच्या परागकणांना एनएलएन नावाच्या द्रव माध्यमात १३ टक्के सुक्रोज देतात आणि ३२ अंशांचा उष्णतेचा झटका देतात. इतके सुक्रोज खायला नसतेच. त्यातले बहुतेक दाबासाठी असते. हे सिद्ध झाले ते सुक्रोज अगदी नाममात्र ठेवून बाकीचा दाब पॉलिइथिलीन ग्लायकोलने दिल्यावर, कारण तरीही चांगले भ्रूण आले. सूचिपर्णी वृक्षांतही पक्वतेच्या पायरीला पॉलिइथिलीन ग्लायकोल ४००० आणि अब्सिसिक आम्ल हे संप्रेरक एकत्र देतात. ग्लायकोलचा हा रेणू इतका मोठा की पेशीभित्तिकेच्या छिद्रांतून आत जात नाही. पाणी बाहेर ओढतो, पण स्वतः आत शिरत नाही. मॅनिटॉल मात्र आत शिरते, आणि काही पिकांच्या पेशी ते थोडेफार पचवतातही, म्हणून मॅनिटॉल म्हणजे "नुसता दाब" असे डोळे झाकून धरू नये.

जळगाव भागातल्या केळीच्या कामाशी ज्यांचा संबंध आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट: केळीच्या भ्रूणक्षम सस्पेन्शनमधून भ्रूण घडवायच्या, १९९६ मध्ये ग्रँड नैन या जातीवर प्रसिद्ध झालेल्या माध्यमात ४५ ग्रॅम सुक्रोजबरोबर १० ग्रॅम लॅक्टोज आहे. केळीच्या पेशींना ते जमते म्हणून उसाला किंवा डाळिंबाला जमेल असे नाही. पीक बदलले की कोणती साखर आत घेता येते, कोणती फोडता येते आणि दाब किती सोसतो, हे तिन्ही बदलते.

अपक्व भ्रूण बियातून काढून वाढवणाऱ्यांनी याच नियमाची दुसरी बाजू लक्षात ठेवावी. हृदयाकृती (गोल अवस्थेनंतरची, बीजपत्रे फुटू लागण्याची अवस्था) होण्याआधीचा भ्रूण ८ ते १२ टक्के सुक्रोज मागतो, कारण बीजांडातही त्याच्याभोवती तितकाच दाट द्रव असतो. पूर्ण वाढलेला भ्रूण २-३ टक्क्यांवर निभावतो. कोवळ्या भ्रूणाला कमी साखर दिली की तो वाढायचे सोडून अवेळी अंकुरतो, आणि खुरटे, अशक्त रोप मिळते.

ऑटोक्लेव्ह, वजन आणि बाष्पीभवन

१२१ अंशांना, १५ पौंड दाबाखाली, २० मिनिटे एवढेच. लिटरच्या बाटल्या खच्चून भरल्या की आत उष्णता पोचायला वेळ लागतो, मग लोक ४० मिनिटे ठेवतात, आणि सुक्रोजचा मोठा भाग तिथेच फुटतो. आम्लधर्मी माध्यमात ते जास्त होते. ग्लुकोज, फ्रुक्टोज, माल्टोज, लॅक्टोज, गॅलॅक्टोज या क्षपणकारी शर्करा माल्ट एक्स्ट्रॅक्टमधल्या किंवा ग्लुटामाइनसारख्या अमिनो आम्लांशी उष्णतेत अभिक्रिया करतात, माध्यम पिवळे-तपकिरी होते. फ्रुक्टोज तापले की फुरफुराल जातीची द्रव्ये होतात आणि ती पेशींना बाधतात. माध्यमाचा रंग ही फुकटची चाचणी आहे: एकाच कृतीचे माध्यम या खेपेला जास्त गडद आले तर उष्णता जास्त लागली.

माल्टोज आणि गॅलॅक्टोज गाळूनच घाला. एक लिटरसाठी साखर मोजून पाण्यात विरघळवा, २५० मिलिलिटर करा आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. बाकीचे माध्यम ७५० मिलिलिटरमध्ये, पूर्ण लिटरचे क्षार आणि पूर्ण ८ ग्रॅम अगर घालून ऑटोक्लेव्ह करा. ते ५५ अंशांवर उतरले की ४५ अंशांपर्यंत कोमट केलेला साखरेचा द्रव लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या कपाटात) त्यात मिसळा. थंड साखर ओतली तर अगर गुठळ्यांनी धरतो आणि एकाच बाटलीत कुठे घट्ट, कुठे पाणी अशी अवस्था होते.

वेगवेगळ्या शर्करांची तुलना करायची तर ग्रॅम सारखे ठेवू नका. ३० ग्रॅम सुक्रोज ०.०८८ मोलर, ३० ग्रॅम ग्लुकोज ०.१६७ मोलर. दोघांची "३ टक्क्यांवर तुलना" म्हणजे एकाला दुप्पट दाब देऊन केलेली तुलना. मोलर सारखे ठेवा, आणि निदान एक दाबाचा आणि एक कार्बनचा नियंत्रक ठेवा. ग्लिसरॉलच्या प्रयोगासाठी हे असे जमते: एका बाटलीत ०.१४६ मोलर सुक्रोज आणि २३.३ ग्रॅम मॅनिटॉल, म्हणजे सुरुवातीचा दाब ग्लिसरॉलइतका. दुसरीत सुक्रोज २३.४ ग्रॅम, म्हणजे कार्बन ग्लिसरॉलइतका, आणि दाब भरून काढायला मॅनिटॉल ३७.४ ग्रॅम. दोन्हींतही भ्रूण आले नाहीत आणि ग्लिसरॉलवर आले, तरच ग्लिसरॉलला श्रेय द्या. दुसरीतही आले असतील तर काम नुसत्या उपासमारीने होते आहे, आणि मग स्वस्तातला मार्ग मोकळा आहे. प्रत्येक प्रकाराच्या दहा-बारा बाटल्या, प्रत्येकीत २०० मिलिग्रॅम मोजून कॅलस, आणि नोंद "भ्रूण आले/नाही" अशी नको. गोल किती, हृदयाकृती किती, बीजपत्री किती, हे वेगळे मोजा.

सुक्रोज किती फुटले हे रिफ्रॅक्टोमीटरवर कळत नाही. फुटले तरी विरघळलेल्या घन पदार्थाचे वजन जवळपास तेच राहते, ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थाची टक्केवारी) हलत नाही. वजनातली चूक मात्र त्यावर लगेच पकडता येते, म्हणून प्रत्येक खेपेचा ब्रिक्स वहीत लिहा. फुटण्याचा अंदाज पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तशर्करेसाठी वापरतात त्या जीओडी-पीओडी किटने येतो. अगर माध्यम रात्रभर गोठवून पुन्हा वितळू द्या. त्यातून द्रव सुटतो. तो दहापट पातळ करून मोजा. ५ टक्के सुक्रोज पूर्ण फुटले तर मूळ द्रवात डेसिलिटरला सुमारे २,६०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पातळ केल्यावर २६०. पेशींनी मध्यंतरी खाल्लेले वजा जाते, त्यामुळे तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजले तर चित्र उमगते.

विदर्भातल्या उन्हाळ्यात एसी दिवसरात्र चालतो आणि खोलीतली हवा कोरडी होते. कापसाच्या बोळ्याच्या बाटलीत ४० मिलिलिटर माध्यमातून सहा मिलिलिटर पाणी उडाले की ५ टक्क्यांचे ५.९ टक्के होते. मार्चपासून भ्रूण आखडायला लागले अशी तक्रार असेल तर आधी पाच बाटल्या पहिल्या दिवशी आणि चौथ्या आठवड्यात तोला. पॉलिप्रॉपिलीनची झाकणे आणि पॅराफिल्म लावून बऱ्याचदा प्रश्न मिटतो.

दुकानातल्या साखरेबद्दल

कॅलस सांभाळायला, केळी-उसाच्या कोंबांच्या वाढीला आणि मुळांना दुकानातली पांढरी साखर चालते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही केळीच्या स्वस्त माध्यमासाठी ती वापरून पाहिली गेली आणि खर्च बराच खाली आला. पण आपल्या बहुतेक कारखान्यांची एस-३० किंवा एम-३० साखर गंधकाच्या प्रक्रियेने शुभ्र केलेली असते. तिच्यात थोडा गंधकाचा अंश, थोडा चुना आणि राख उरते, आणि हे प्रमाण कारखान्यागणिक, हंगामागणिक बदलते. शक्यतो गंधकविरहित रिफाइंड साखर, एकाच लॉटचे अख्खे पोते घ्या. ऊर्ध्वपातित पाण्यात ५ टक्के द्रव करून टीडीएस मीटर लावा. शुद्ध सुक्रोज वीज वाहत नाही, त्यामुळे जो आकडा चढेल तो मिसळीचा. गढूळपणा आणि पीएचही बघा. पिठीसाखर घेऊ नका, तिच्यात बहुधा मक्याचे पिष्ट मिसळलेले असते. मिठाईसाठी मिळणारा माल्टोजचा पाक म्हणजे ग्लुकोज, माल्टोज आणि लांब साखळ्यांची खिचडी, त्याला माल्टोज समजून वापरू नका.

भ्रूणाच्या आणि पक्वतेच्या पायरीवर मात्र प्रयोगशाळा दर्जाचीच साखर घ्या. तिथे माध्यम थोडे लागते, खर्च फार वाढत नाही.

तुमच्या बाटल्यांत नेमके काय बिघडते आहे ते ओळखायला काही खुणा पुरतात. ग्लिसरॉलवर कॅलस हिरवा न होता तपकिरी पडत असेल तर धुतल्यावर पाणी राहिले आहे किंवा कॅलस म्हातारा आहे. हिरवा होतो पण गोल येत नाहीत तर माध्यमात कुठून तरी सुक्रोज येते आहे, बहुधा न धुतलेल्या ढिगातून. माल्टोजवर भ्रूण पुन्हा कॅलस होत असतील तर ते फार लहान असताना हलवले. अर्ध्या मिलिमीटरचे भ्रूण आणखी दोन आठवडे मागे ठेवा. बीजपत्रे चिकटून कपासारखी झाली तर एका ढिगात गर्दी आहे, भ्रूण सुटे करून एकमेकांपासून अर्धा सेंटीमीटर अंतरावर मांडा. आणि पक्व भ्रूण अंकुरत नसतील तर साखर आणखी बदलण्याआधी ते लॅमिनारखाली रिकाम्या पेट्रीडिशमध्ये दोन-तीन तास थोडे सुकवून मग अंकुरणाच्या माध्यमावर ठेवून पाहा.